केडगावचे मुक्तिसदन : दोन हजार ताटांमागचे हात

१/ जालना म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ती एमआयडीसी : लोखंडी सळ्यांचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मालमोटारींच्या रांगा. याच जालन्याच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक आगळी वसाहत उभी राहिली होती. तिचे नाव बेथेल, म्हणजे ‘देवाचे घर’. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते. लष्करी छावणीचे गाव म्हणून त्याची ओळख होती आणि रेल्वे यायला अजून काही दशकांचा अवकाश होता. अशा ठिकाणी एक मराठी बोलणारा, ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक येऊन राहिला. त्याचे नाव नारायण शेषाद्री.

२/ इतिहासाच्या अभ्यासकांना शेषाद्री हे आडनाव दुसऱ्या एका प्रकरणामुळे ठाऊक असते. १८४३ साली मुंबईत नारायणाने स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलाचा ताबा मिळवला. आता त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष पत्करला. एक मूल कोणाच्या छपराखाली जेवते, झोपते, यावरून तेव्हा जाती आणि धर्म ढवळून निघत. पुढचे सारे समजून घेताना ही गोष्ट विसरता येणार नाही.

३/ नारायण शेषाद्री पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे दीक्षित पाळक झाले. १८६० च्या दशकात त्यांनी जालन्यात काम सुरू केले आणि निजाम सरकारकडून, दिवाण सालारजंग यांच्या काळात, मिळालेल्या जमिनीवर बेथेल वसवले. तेथे राहायला आलेली कुटुंबे प्रामुख्याने मांग आणि महार समाजांतली. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना स्वतःचे गाव मिळाले, ही त्या काळी लहान घटना नव्हती.

४/ अशा वसाहतींचा, आश्रमांचा, बोर्डिंगांचा इतिहास सांगताना आपल्याकडे एक सवय जडली आहे. संस्थापकाचे चरित्र सांगायचे, जमीन कोणी दिली ते सांगायचे, पैसा कोठून आला ते सांगायचे आणि थांबायचे. पण वसतिगृह जमिनीवर किंवा देणगीवर चालत नाही. पहाटे कोणीतरी उठून चूल पेटवते, आजारी मुलाची गोधडी धुते, पाढे म्हणून घेते, रात्री कंदील घेऊन फेरी मारते. ते ‘कोणीतरी’ कोण होते? मराठी मुलखात या प्रश्नाचे सर्वांत भरघोस उत्तर मिळते ते पुणे जिल्ह्यातल्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात. (हे दौंड तालुक्यातले केडगाव, पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे. अहिल्यानगरजवळचे केडगाव वेगळे.)

५/ रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी. पैसा अमेरिकेतून येत होता. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले. दहा वर्षे सरल्यावर काय, या चिंतेतून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा साधा हिशेब. ती जमीन संस्थेची शेती व्हायची होती. दुष्काळाने तिचे गाव केले.

६/ १८९६–९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भीषण होता. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला जे जाऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी गरीबखाने उघडले होते. रमाबाई तेथे गेल्या त्या मुली आणि तरुण विधवांच्या शोधात. उपासमारीइतकेच भयंकर असे त्यांना तेथे जे दिसले ते त्यांनी लिहून ठेवले : अन्नाच्या बदल्यात मुलींची अब्रू घेणारे मुकादम आणि पहारेकरी. रमाबाईंसाठी हे परक्याचे दुःख नव्हते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेली होती. त्या स्वतः भाऊ श्रीनिवासासह उपाशीपोटी शेकडो कोस चालल्या होत्या. मध्य प्रांतातून त्यांनी सोडवून आणलेल्यांपैकी सुमारे तीनशे मुली आपल्याकडे ठेवल्या. इतरांना निरनिराळ्या मिशनांनी आसरा दिला.

७/ आता तारखा पाहाव्यात. १८९७ च्या त्याच महिन्यांत पुण्यात प्लेग थैमान घालीत होता. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगानेच गेल्या. तो दवाखाना त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला, ससाणे मळ्यात उघडला होता. सोलापूरच्या त्याच रस्त्याने पुढे गेले की केडगावची वाट लागते. पुण्यात इतक्या मुली एकत्र ठेवता येणार नाहीत, असे अधिकाऱ्यांनी रमाबाईंना बजावले. मग फळबागेच्या त्या जमिनीवर घाईघाईने छपऱ्या उभारल्या गेल्या आणि मध्य प्रांतातल्या मुलींनी केडगाव भरले. त्या काळातले पुण्याच्या पूर्वेकडचे हे दोन बिंदू नकाशावर एकत्र कोणी फारसे दाखवीत नाही, दाखवायला हवेत.

८/ या मुलींना सांभाळणे म्हणजे नेमके काय होते? भुकेने मोडलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न देता येत नाही. दिले तर ते मारक ठरते. म्हणून आधी पातळ पेज, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा. मूल रडते, आणखी मागते, आणि देणारीने मन घट्ट करून हात आवरायचा. डोक्यात उवा, अंगावर खरजेची व्रणे, डोळे आलेले, पोट बिघडलेले. जेवण मिळाले तरी उद्या मिळेल याचा भरवसा नसल्याने भाकरीचे तुकडे लपवून ठेवण्याची खोड. त्यातच एक अफवा मुलींच्या मनात घट्ट बसलेली होती : ही बाई आपल्याला खाऊपिऊ घालून पुष्ट करणार आणि मग आगीवर उलटे टांगून डोक्यातले तेल काढणार! फुकट अन्न देणाऱ्यावर विश्वास ठेवावा, असे त्यांच्या आयुष्यात काही घडलेलेच नव्हते. अनेक मुली वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांच्या उशाशी रात्र काढणारे माणूस कोण होते, हा खरा प्रश्न.

९/ त्या होत्या शारदा सदनातल्या मोठ्या मुली आणि तरुण विधवा. कोणी नेमलेल्या परिचारिका नव्हत्या, पगारी दाया नव्हत्या. बहुतेक ब्राह्मण घरांतल्या; सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. शारदा सदनात त्यांना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. स्वयंपाकाचे नियम सांभाळले जात. केडगावात ती सोय उरली नाही. कोणत्या जातीची हे न विचारता उचलून आणलेल्या मुलीचे केस कापायचे, तिचे मळलेले अंग धुवायचे, तिच्या पंगतीला बसायचे. चार-सहा वर्षांपूर्वी स्वतः केशवपनाच्या भीतीने किंवा सासरच्या छळाने सदनाच्या दारात आलेली मुलगी आता दुसऱ्या मुलींची ‘मेट्रन’ आणि शिक्षिका झाली. ग्रंथांत जातिभेदाविरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. फणी हातात घेऊन केलेले हे काम त्या ग्रंथांच्या शेजारी ठेवून वाचावे.

१०/ या काळात रमाबाईंनी केवळ मुली सांभाळल्या नाहीत. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि ती परत आली नाही. तेथल्या पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतले, असा आरोप करणारे पत्र त्यांनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहिले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्या वेळी इंग्लंडमध्ये प्लेगच्या बंदोबस्तावर टीका करताना या पत्राचा आधार घेतला. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली आणि तो सारा काळ चाफेकर बंधूंच्या नावाने इतिहासात गेला. एका अनाथ मुलीचे काय झाले, हे सरकारला जाहीरपणे विचारणारी बाई मात्र त्या कथेच्या समासात राहिली.

११/ यानंतर आला १८९९–१९०० चा दुष्काळ, गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जाणारा. मराठवाडाही त्यात होरपळला. या वेळी गुजरातेत मुली शोधायला रमाबाईंनी आपल्या सदनातल्या बायकांच्या तुकड्या पाठवल्या. म्हणजे काही वर्षांपूर्वी ज्या मुली स्वतः सोडवून आणलेल्या होत्या, त्यांच्यापैकी काही आता दुसऱ्यांना सोडवायला आगगाडीत बसल्या. परका प्रांत, परकी भाषा, आणि मुली पळवायला आलेल्या बायका म्हणून संशयाने पाहणारे लोक. १९०० साल संपेपर्यंत केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

१२/ दोन हजार हा आकडा वाचून डोळे पुढे सरकतात. म्हणून थोडा हिशेब. माणशी दिवसाला केवळ पावशेर पीठ धरले (आणि हे फारच कमी धरले) तरी रोज पाचशे शेर पीठ लागते; चाळीस शेरांचा मण या हिशेबाने साडेबारा मण. जात्यावर बसलेल्या दोन बायका सकाळभरात किती दळतील, याचा अंदाज आजीला विचारावा. त्यानंतर कणीक मळायची, भाकऱ्या थापायच्या, वरण शिजवायचे, लाकूडफाटा आणायचा, ताटे घासायची, तांब्या-पितळेच्या भांड्यांना वरचेवर कल्हई करायची, नाहीतर अन्न कळकणार. केडगावात कल्हईचे कामसुद्धा बायकाच शिकल्या.

१३/ पाण्याची कथा तर वेगळीच. अवर्षणाचे वर्ष, आजूबाजूच्या विहिरी आटलेल्या, आणि येथे इतकी माणसे, गुरे, शिवाय बांधकाम. रमाबाईंनी लिहिले आहे की विहिरींचे पाणी संध्याकाळी तळाला जाई आणि सकाळपर्यंत पुन्हा भरून येई. त्यांनी तो देवाचा अनुग्रह मानला. भूजलाचा अभ्यासक त्यात झऱ्याचा वेग पाहील. दोन्ही वाचनांत एक गोष्ट सारखीच : पहाटेच्या त्या भरल्या विहिरीवर दोर, घागरी घेऊन रांग लावणाऱ्या मुली. पाणी प्रार्थनेने आले असो वा झऱ्याने, ते चढवले मनगटांनी.

१४/ रमाबाईंचा आणखी एक निर्णय समजून घ्यावा लागतो. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. म्युलर यांनी कोणाकडेही पैसे न मागता, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून हजारो अनाथ मुले सांभाळली, अशी त्यांची ख्याती. रमाबाईंनीही तोच मार्ग धरला. मुक्तिसदनात काम करायला परदेशातून आलेल्या स्त्रियांना ठरावीक वेतन नव्हते. येणारीने आपल्या भरवशावर यायचे, मराठी शिकायची आणि पडेल ते काम करायचे. आजच्या भाषेत या स्वयंसेविकाच. त्यांतले सर्वांत ठळक नाव मिनी एब्रम्स यांचे. त्या अमेरिकन, १८८७ पासून मुंबईत मेथडिस्ट मिशनमध्ये मुलींचे शिक्षण हे त्यांचे क्षेत्र. १८९८ मध्ये केडगावला आल्या आणि रमाबाई त्याच वर्षी अमेरिकेला गेल्या तेव्हा नवख्या सदनाची जबाबदारी त्यांच्यावर आली. मराठी येत असल्याने त्या मुलींशी दुभाष्याशिवाय बोलू शकत, आणि दोन हजार माणसांच्या वस्तीत हे शहाणपणाइतकेच मोलाचे.

१५/ दिवसाचे वेळापत्रक मात्र अशा कोणाही एका व्यक्तीवर अवलंबून नव्हते, घंटेवर चाले. प्रार्थना, दळण-पाणी, न्याहारी, शाळा, काम, पुन्हा प्रार्थना. शाळेत लहानग्यांसाठी बालोद्यान पद्धत होती. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची ही पद्धत रमाबाईंनी अमेरिकेत असताना शिकून घेतली होती. खेळ, गाणी, रंगीत ठोकळे यांतून शिकवण्याची कल्पना महाराष्ट्रात अजून फारशी कोणाला ठाऊक नव्हती. ती पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू मुलांआधी दुष्काळातून आलेल्या पोरींच्या वाट्याला आली, हा इतिहासाचा एक गमतीदार न्याय म्हणावा. मोठ्या मुलींना विणकाम, शिवण, शेती, गाईम्हशींची देखभाल, तेलाचा घाणा, धोबीकाम. एक मुलगी शिकली की तिने चौघींना शिकवायचे. शिक्षक बाहेरून आणणे परवडणारेच नव्हते.

१६/ वस्तीत वेगवेगळी सदने झाली. पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीतिसदन, मुलांसाठी सदानंद सदन आणि अंध मुलींसाठी बर्तिमी सदन. हे नाव बायबलमधल्या दृष्टी लाभलेल्या आंधळ्या भिकाऱ्यावरून. अंधलिपी शिकून येऊन या मुलींना वाचायला शिकवणारी होती रमाबाईंची मुलगी मनोरमा. लहानपणी आईबरोबर इंग्लंड-अमेरिका पाहिलेली, पुढे अमेरिकेत शिकलेली ही मुलगी परत येऊन केडगावच्या धुळीत राहिली. वेत विणणारी, बोटांनी वाचणारी आंधळी मुलगी हे दृश्य त्या काळच्या ग्रामीण महाराष्ट्राला नवे होते. आंधळ्या पोरीला भीक मागण्याखेरीज दुसरे काही करता येते, ही कल्पनाच नवी.

१७/ आता अडचणीच्या प्रश्नाकडे. ही मुले वाचली, पण कोणाची होऊन वाचली? १८९३ मध्येच शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. शारदा सदनात निदान धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन होते. मुक्तिसदन तर उघडच ख्रिस्ती संस्था होती. आठ वर्षांच्या उपाशी मुलीला जेथे भाकरी मिळते तेथलीच प्रार्थना ती शिकते. याला स्वेच्छा म्हणणे कठीण आहे. त्याच वेळी दुसरी बाजूही तितकीच खरी : त्या मुलीच्या धर्माबद्दल कळवळा दाखवणाऱ्या बहुतेकांनी तिच्यासाठी चूल पेटवलेली नव्हती. या दोन वाक्यांपैकी एकच उच्चारणारा इतिहास अर्धवट राहतो.

१८/ ‘बहुतेकांनी’ हा शब्द जाणीवपूर्वक, कारण काहींनी पेटवली होती. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव-सावित्रीबाई आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालवले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला, एका झोपडीत. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून झाले की कर्वे पायी हिंगण्याला जात. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या पूर्वाश्रमीच्या गोदूबाई. शारदा सदनात दाखल झालेल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमात आल्या, स्वयंपाकघरापासून व्यवस्थेपर्यंत सारे पाहू लागल्या, आणि पुढे वर्गणीसाठी झोळी घेऊन थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. १९०८ मध्ये कर्व्यांनी ‘निष्काम कर्म मठ’ स्थापला : संस्थेला आयुष्य वाहून घेणाऱ्या, फळाची आशा न धरणाऱ्या सेवकांचा संघ. म्युलरचा आदर्श एकीकडे, गीतेतला शब्द दुसरीकडे. पण रोजचा प्रश्न एकच होता. पगार देता येत नाही, मग काम कोण करणार?

१९/ केडगाव आणि हिंगणे यांना एकमेकांची प्रतिस्पर्धी म्हणून पाहण्याची रीत आहे. विचारांच्या पातळीवर ती होतीही. परंतु दोन्हीकडची माणसे पाहिली तर चित्र बदलते. दोन्ही ठिकाणी कणा होता तो तरुण विधवांचा. समाजाने ज्यांना अशुभ ठरवून घराच्या कोपऱ्यात बसवले, त्यांच्याच श्रमावर महाराष्ट्रातल्या या निवासी स्त्रीशिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. सुधारकांनी विधवांचा उद्धार केला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. विधवांनी सुधारकांच्या संस्था चालवल्या, हे वाक्य त्यांत नसते.

२०/ १९०५ मध्ये मुक्तिसदनात धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या मुली मागितल्या होत्या. जूनच्या अखेरीस मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत रात्ररात्र जागू लागल्या. टोळ्या करून त्या आसपासच्या खेड्यांत जात. मिनी एब्रम्स यांनी याविषयी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिली देशात एका जुन्या मैत्रिणीकडे पोहोचली, आणि १९०९ मध्ये तेथे सुरू झालेल्या पेंटेकोस्टल चळवळीच्या प्रेरणांत तिची गणना होते. दौंड तालुक्यातल्या दुष्काळी मुलींच्या हाका प्रशांत महासागराच्या काठापर्यंत गेल्या, असा हा प्रवास. तरीही या जागतिक इतिहासात एब्रम्स यांचे नाव येते, रमाबाईंचे येते. रात्ररात्र जागणाऱ्या मुली मात्र ‘मुक्तीच्या मुली’ एवढ्या सामूहिक नावानेच ओळखल्या जातात.

२१/ याचे एक कारण छायाचित्रांत सापडते. त्या दुष्काळांची छायाचित्रे जगभर फिरली. १९०० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचे जहाज मका घेऊन मुंबईला निघाले ते अशाच चित्रांनी आणि वृत्तांनी हेलावलेल्या अमेरिकी वाचकांच्या वर्गणीतून. चित्रात दोन प्रकारची माणसे ठसतात : हाडांचा सापळा झालेले मूल आणि त्याच्या शेजारी उभी असलेली गोरी बाई. देणगीदाराला तेवढेच पुरते. पेजेची वाटी धरलेली, नऊवारीतली तिसरी बाई चौकटीबाहेर राहते.

२२/ मनोरमाने १९१० च्या दशकात निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, शाळा काढायला पुढाकार घेतला. शेषाद्रींच्या बेथेलपासून निघालेला धागा असा पुन्हा एकदा त्या मुलखात गेला. तिच्यासोबत अर्थातच केडगावात तयार झालेल्या मुली होत्या. नव्या बोर्डिंगला मेट्रन आणि शिक्षिका लागणार, त्या आणखी कोठून येणार? १९२१ मध्ये, चाळिशीलाच, मनोरमाचे निधन झाले.

२३/ रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. विद्वत्तेच्या भाषेपेक्षा खेड्यातल्या बाईला समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. संस्कृतात ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या पंडितेने साध्या शब्दांचा हट्ट धरावा, हे विशेष. काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ छापला गेला केडगावच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते काढणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पाने दुमडून शिवणाऱ्या सर्व स्त्रिया होत्या. त्यांतल्या पुष्कळजणी दुष्काळात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. बायबलच्या मुखपृष्ठावर भाषांतरकर्तीचे नाव आहे. शिशाचे खिळे उलटे वाचत ओळीमागून ओळ जुळवणाऱ्या बोटांची शाई त्या ओळींत आहे.